क्रोकोइट ओळखताना

अजिंठा-वेरूळच्या दुकानात केशरी स्फटिक 'इथलाच' म्हणून दाखवला, तर तो क्रोकोइट, म्हणजे शिशाचं क्रोमेट असलेलं केशरी खनिज, नव्हे. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही दुसरी खनिजं सापडतात. क्रोकोइट बाजारात येतो तो मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या डुंडासहून.

सुटा तुकडा आधी कोरडा तोलून घ्या, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून. कोरडं वजन दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा: कोरडा १२ ग्रॅम, पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे ६, पाण्याच्या सहापट जड. क्रोकोइट ६ च्या आसपास भरतो. स्टिल्बाइट २.२ च्या आसपासच भरतो. दगड चिकटलेला असेल तर आकडा फसवा येतो. क्रोकोइट सिरॅमिक टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला, तर नारिंगी-पिवळी रेघ उमटते. शिसं, क्रोमियम दोन्ही विषारी. भुकटी उडवू नका, हात धुवा.

किंमत ठरते शाबूत टोकांवर, चकाकीवर आणि खाणीच्या चिठ्ठीवर. बुडाशी भिंगातून डिंक दिसला, तर भाव पाडाच. उन्हात राहिलेला नमुना निस्तेज पडतो.