५५ पीएसआयचे चार महिने

मातीत सायकल पळवायच्या पहिल्याच रेसमध्ये मी दुसऱ्या फेरीत पडले. इंदूरजवळ, सिमरोलच्या अलीकडे, ओळखीतल्या एकांच्या सोयाबीन काढलेल्या शेताच्या कडेने आखलेली अडीच किलोमीटरची फेरी. नवख्यांची रेस, चाळीस मिनिटांची. बायकांच्या गटात आम्ही तिघीच, म्हणजे शेवटपर्यंत सायकलवर नुसती बसून राहिले असते तरी मेडल घरी आलं असतं. मुरमाच्या एका उजव्या वळणावर पुढचं चाक सटकलं, कोपर सोलपटलं, आणि मी सायकल लिंबाला टेकवून उरलेली रेस बघत बसले.

घरी येताना निष्कर्ष काढून मोकळी झाले, की पायांत दम नाही.

तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि त्यापायी माझे चार महिने गेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे इंदूरमधला मातीत सायकल चालवायचा अख्खा मोसम. मी सीएच्या ऑफिसात काम करते. ऑडिटचा हंगाम संपला की मला जे मोकळे महिने मिळतात, नेमके तेच. पहाटे सव्वापाचला निघून खंडवा रोड, शनिवारी महूच्या पुढे जानापावचा चढ. जानापावचा माथा साधारण साडेआठशे मीटर, आपलं शहर साडेपाचशेच्या आसपास, त्यामुळे चढ खराच. पाय खरोखर तयार झाले. आजी रोज दारात विचारायची, "अगं, उजाडू तरी दे." जानेवारीच्या दुसऱ्या रेसमध्ये सरळ वाटेवर मी दोन मुलांना मागे टाकलं आणि पुढच्याच वळणावर परत आडवी. या वेळी डावीकडे. मागून येणारी एक कॉलेजची पोरगी नंतर म्हणाली, "ताई, तुम्ही सरळ वाटेवर एवढ्या पळता आणि वळण आलं की घाबरता का?"

मी घाबरत नव्हते. पण ते ऐकल्यावर घाबरायला लागले.

फेब्रुवारीत तिसऱ्या रेसच्या आधी रेषेवर उभी होते. नातवाला घेऊन आलेले एक काका शेजारी होते. त्यांनी काही न विचारता माझ्या मागच्या टायरवर अंगठा दाबला. टायर दगडासारखा.

"हवा किती भरलीस?"

"पंचावन्न पीएसआय." पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप.

"बायपासला निघालीस का?"

खाली बसून त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण काढलं, नखाने पिन दाबली. फिस्स. थांबून अंगठा. परत फिस्स. असं चार-पाच वेळा. मला वाटलं आता चाक रिमवरच बसणार. त्या दिवशी शेवटून दुसरी आले, पण एकदाही पडले नाही, आणि ज्या वळणांवर आधी ब्रेक दाबून जीव मुठीत धरायचे तिथे पायडल मारत निघाले. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण घरी येऊन चिडून रडलेही. चार महिने!

आता या हवेबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे. बाकी गोष्टी तुम्हाला कुणीतरी सांगेलच.

आमच्या घरात टायरची परीक्षा अंगठ्यानेच व्हायची. आजोबा हुकुमचंद मिलला सायकलने जायचे, आणि त्यांचा नियम होता की अंगठा आत जाता कामा नये. डांबरावर, तेव्हाच्या अरुंद टायरना, तो नियम बरोबरच होता. कोपऱ्यावरचा सायकलवालाही तेच करतो, "मॅडम, टाइट भर दी है" म्हणतो आणि आपल्याला समाधान वाटतं. त्यात टायरच्या कडेवर कमाल आकडा छापलेला असतो, माझ्यावर ५४ होता. मी तो औषधाच्या डोसासारखा वाचला आणि वर एक आपल्या मनाने घातला. तो आकडा म्हणजे टायर किती सहन करू शकतो याची हद्द. तेवढी हवा भरा, असं तो सांगत नाही.

हिशेब सोपा आहे. माझं वजन ५८ किलो, सायकल १३ किलो, त्यातले साधारण ४० किलो मागच्या चाकावर येतात. ५५ पीएसआयला टायर जमिनीला जेमतेम १० चौरस सेंटिमीटर टेकतो, काड्यापेटीच्या अर्ध्याहून थोडं जास्त. २५ला तोच टायर बावीस-तेवीस चौरस सेंटिमीटर टेकतो. म्हणजे दुपटीहून जास्त रबर मातीवर, तेही मऊ, खड्याभोवती वळून बसणारं. घट्ट टायर खड्याला बिलगत नाही, त्यावरून उडतो. सरळ वाटेवर उडालात तर फक्त हाडं खिळखिळी होतात. वळणावर ज्या क्षणी चाक उडतं त्या क्षणी पकड शून्य, आणि आपला मुरूम तर ज्वारीचे दाणे पसरल्यासारखा. शिवाय उडण्यात दमही वाया जातो, म्हणून घट्ट हवेने मातीत सायकल पळते हेही खोटंच.

हे कळल्यावर कुणीही करेल तेच मी केलं, उलट्या टोकाला गेले. ट्यूब आत ठेवूनच १८ भरली. तिंछाच्या वाटेवर पहिल्याच दगडाला रिम आपटली, ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली गेली आणि शेजारी-शेजारी दोन भोकं. याला स्नेकबाइट म्हणतात, साप चावल्यासारखीच दिसतात. म्हणून ट्यूब असेल तर ३० पासून सुरू करा. ओळखीच्या एकाच वाटेवर दर फेरीला २ कमी करत जा, रिम दगडाला टेकल्याचा 'टक्' असा आवाज आला की २ परत वाढवा. तो तुमचा आकडा. पुढचं चाक मागच्यापेक्षा दोन-तीनने कमी. सव्वादोन इंची टायर आणि ट्यूब असताना माझं पुढे २४, मागे २७ होतं. माझा आकडा उचलू नका. ८० किलोच्या माणसाने २७ भरले तर त्याची रिम जाईल आणि शिव्या मला पडतील.

आणि हो, पंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. १६० पर्यंतचा काटा असलेला उभा पंप २५च्या आसपास काय वाटेल ते दाखवतो. आमच्याकडचे दोन पंप एकाच टायरला सहाच्या फरकाने वेगळं सांगत होते. कमी दाबाचा छोटा गेज घ्या, कायम तोच वापरा. चुकीचा असला तरी रोज सारखाच चुकेल. डिसेंबरात आणखी एक गंमत होते. आदल्या दुपारी तिशीच्या तापमानात हवा भरली आणि पहाटे रेषेवर दहा अंश असले, तर २५ भरलेले साडेबावीसच उरतात. कुठे गळती नसते, हवा थंडीने आकसते. म्हणून हवा तिथे पोचल्यावर तपासायची, घरी नाही.

मी फार बोलले. पण मला हे एकाही माणसाने पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. सांगितले ते कार्बन फायबरच्या सायकलचे फायदे.

पहिल्या वर्षी कार्बन घेऊ नका. अगदी स्पष्ट सांगते. साधी अॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल घ्या, चांगले ब्रेक बघा, आणि उरलेले पैसे टायर ट्यूबलेस करण्यात घाला. ही इंदुरी गरज आहे, चैन नाही. आपल्या वाटांवर सराटे आहेत, विलायती बाभळीचे काटे आहेत, आणि सोयाबीन कापल्यावर उरलेले ते तिरके बुडखे तर सुयांसारखे. एका रविवारी मी तीन ट्यूब बदलल्या आहेत. ट्यूबलेसमध्ये आतलं पातळ सीलंट बारीक भोक स्वतः बुजवतं, चिमटायला ट्यूबच नसते, म्हणून हवा आणखी उतरवता येते. मी आता १९-२२ वर असते. फक्त आपल्या उन्हाळ्यात सीलंट आतल्या आत वाळून रबराची साल होऊन बसतं. दर दोन महिन्यांनी टायर कानाशी धरून हलवा, खळखळ ऐकू आली पाहिजे.

सायक्लोक्रॉसचं, म्हणजे माती-गवतातल्या, मध्ये अडथळे आले की सायकल उचलून पळायच्या रेसचं सांगायचं तर त्यासाठी वेगळी सायकल लागते हा समज आधी काढून टाका. मोठ्या स्पर्धांत वाकड्या हँडलची सायकल आणि ३३ मिलिमीटरपर्यंतचेच टायर हा नियम आहे. आपल्याकडे रविवारी जमणारे अर्धे लोक एमटीबीवरच, म्हणजे माउंटन बाइकवरच येतात आणि कुणी पट्टी लावून मोजत नाही. खरी गोष्ट आहे ती उतरण्या-चढण्याची. आडव्या फळ्या, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच. फळी येण्याआधी उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणायचा, चालत्या सायकलवरून उतरायचं, उचलून दोन उड्या, परत बसायचं. व्हिडिओत हे गरब्यासारखं दिसतं. मी दसरा मैदानावर विटांवर काठी ठेवून सराव केला, तेव्हा क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत होती. तीन आठवडे लाज वाटेल. नंतर तीच पोरं काठी उचलून ठेवायला येतात. आधी गवतावर, चालण्याच्या वेगाने, आणि परत बसताना उडी मारून सीटवर आदळू नका. मांडी टेकवून सरकायचं.

व्हिडिओंवरून आठवलं. चिखलात कसं चालवायचं ते युरोपच्या व्हिडिओंवरून शिकू नका. हा खेळ तिकडच्या हिवाळ्यातल्या ओल्या शेतांत वाढला, फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ सालची. त्यांचा चिखल चाकावरून निसटतो. आपली माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सोडत नाही. माझ्या पहिल्या जुलैत मी चोरलच्या बाजूला एका गाडवाटेवर शिरले, शंभर मीटरवर पुढचं चाक त्याला धरणाऱ्या फोर्कमध्ये चिखलाने घट्ट बसलं, फिरेनाच. दीड किलोमीटर सायकल खांद्यावर. बांधावरचे एक बाबा बिडी ओढत म्हणाले, "बाई, सायकल पे बैठते हैं कि सायकल को बिठाते हैं?" तेव्हा पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेला जाऊच नका. गिअर बदलणारा डिरेलर तुटतो तो वेगळाच, वर तुम्ही पाडलेली चाकोरी वाळून दगड होते आणि शेतकऱ्याची गाडवाट बिघडते. पुढच्या वर्षी त्याने शेत का द्यावं? रालामंडल अभयारण्य आहे, महूला लष्कराची हद्द आहे. 'सगळे जातात' हे कारण तिथे चालत नाही, परवानगी विचारूनच.

गुरू कुणाला करावं? माझं मत कडवट आहे, चालवून घ्या. जो पहिल्या भेटीत स्वतःचे वॉट, म्हणजे पायडलवरच्या ताकदीचा आकडा सांगतो, त्याच्याकडून घाट चढायला शिका, बाकी काही नाही. मला एका अनुभवी गृहस्थांनी पंधरा पानांचा ट्रेनिंग प्लॅन पाठवला होता, माझी सायकल एकदाही न बघता. तो मी इमाने इतबारे पाळला आणि वळणावर आणखी जास्त वेगाने पडले. शिकवणारा माणूस खाली वाकून तुमच्या टायरला हात लावतो. त्या काकांना मी नंतर खूप प्रश्न विचारले, निम्म्यांना ते "बघ की करून" एवढंच म्हणाले. तेव्हा राग यायचा.

रेसच्या सकाळी फेरी पायी फिरा, आदल्या दिवशी फिरला असलात तरी. टोकियो ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यतीत, २०२१च्या जुलैत, मॅथ्यू व्हान डर पूलसारखा सायक्लोक्रॉसचा जगज्जेता पहिल्याच फेरीत एका खडकावरून पडला. सरावात तिथे खाली उतरायला लावलेली उतरती फळी रेसमध्येही असेल असं तो धरून चालला होता. आपल्याकडे अशी फळी नसली तरी रात्रीत कुणीतरी शेताला पाणी सोडतं.

सुरुवातीला मागच्या रांगेत उभ्या राहा, राहा म्हणजे राहाच. पहिल्या वळणावर पंधरा जण एकदम घुसतात, तिथे धाडस दाखवण्यात अर्थ नाही, दोन मिनिटांत रांग विरळ होते. पुढचे तुम्हाला एका फेरीने गाठतील. गाठू दे. मागून "लेफ्ट, लेफ्ट" किंवा नुसतं "भिया, साइड!" ऐकू आलं की आपली रेघ न सोडता सरळ चालवत राहायचं, अचानक बाजूला होऊ नका, गाठणारा त्याची वाट शोधतो. मला एका रेसमध्ये एकाच मुलाने दोनदा गाठलं, दुसऱ्यांदा जाताना "बढिया, दीदी" म्हणाला. आधी टोमणा वाटला. रेस संपल्यावर तोच पोह्यांची प्लेट घेऊन आला, वर शेव जास्त घालून.

या मोसमात आम्ही बायका सात झालो आहोत. रेषेवर मागच्या रांगेत निळं हेल्मेट दिसलं तर ती मी. गेज माझ्या पाठीच्या खिशात असतो, बेधडक मागा. परत मात्र करा, आधीचा असाच कुणाच्या तरी खिशातून शेजारच्या राऊ गावाला गेलाय.