रश्शाविना चिकन: सोलापूरच्या स्वयंपाकघरात भूमध्यसागरी धाटणीचे रात्रीचे जेवण

सोलापूरच्या घरात चिकन शिजणार म्हटले की काळा मसाला, भाजलेले खोबरे आणि भाकरी कुस्करता येईल इतका रस्सा गृहीतच धरला जातो. भूमध्य समुद्राच्या काठावरच्या, म्हणजे ग्रीस, इटली, स्पेन, तुर्कस्तान, लेबनॉन अशा देशांतल्या घरगुती चिकन-भाजीची वाट याहून वेगळी आहे. तेथे वाटण नसते, मसाला मोजका असतो आणि या प्रकारात तर पाण्याचा थेंबही घालायचा नसतो. चव येते ती तापलेल्या भांड्यात मांसाला आणि भाज्यांना चढणाऱ्या खरपूस रंगातून आणि अगदी शेवटी पिळलेल्या लिंबातून. म्हणूनच हे जेवण घरी करताना कोणत्या परदेशी बाटल्या विकत आणाव्यात याचा विचार थोडा करावा आणि भांड्यात पाणी सुटू कसे द्यायचे नाही याचा अधिक करावा. हे एक साधले, तर चौघांचे जेवण साधारण तासाभरात ताटात येते.

या प्रदेशाच्या आहारपद्धतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासामुळे, आणि २०१० मध्ये युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मात्र त्या आहाराचा कणा भाज्या, कडधान्ये, धान्य आणि ऑलिव्हचे तेल हा आहे. मांस त्यात बेताचेच असते. आपण त्या नावाखाली किलोभर चिकन आणि शोभेपुरती एक ढोबळी मिरची परतली, तर पदार्थ चविष्ट होईलही, पण त्या पद्धतीचा म्हणता येणार नाही. पुढील प्रमाणात भाज्या चिकनपेक्षा जास्त आहेत, त्या याच कारणाने.

चौघांसाठी ६०० ग्रॅम हाडाविना चिकन, पाव किलो वांगी, दोन मोठ्या ढोबळी मिरच्या, दोन मोठे कांदे, चार घट्ट टोमॅटो आणि दीड वाटी शिजवलेले काबुली चणे घ्यावेत. त्याशिवाय लसणाच्या सात-आठ पाकळ्या, दोन लिंबे, मूठभर कोथिंबीर, पुदिन्याची दहा-बारा पाने, एक लहान चमचा वाळलेला ओरेगॅनो, अर्धा लहान चमचा ताजी मिरपूड, एक लहान चमचा बेडगी मिरचीची पूड, चार-पाच मोठे चमचे तेल आणि मीठ लागेल. चणे सकाळी भिजत घालावेत आणि संध्याकाळी मीठ घालून कुकरला मऊ, पण अख्खे राहतील असे शिजवावेत. भिजवायचे राहिले असतील तर चणे सरळ वगळावेत आणि वांगी वाढवावीत. ऐनवेळी शिजवलेले अर्धेकच्चे चणे सगळ्या पदार्थाची मजा घालवतात.

चिकन घेताना दुकानदार बोनलेस म्हणून बहुधा छातीचा भाग पुढे करतो. तो चालतो, पण तो दोन मिनिटे जास्त शिजला तरी कोरडा आणि चिवट होतो. तंगडीचे मांस चुकीला जास्त वाव देते, म्हणून लेगपीस निवडून तेथेच हाड काढून घ्यावे. आपल्याकडे चिकन नळाखाली खळखळून धुण्याची पद्धत आहे. तसे केल्याने त्यावरचे जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते शिजताना. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने खळबळावे आणि नंतर मोरी, विळी, पाट सगळे साबणाने स्वच्छ करावे. त्यानंतरची कृती मात्र टाळू नये: चिकनचे दीड-दीड इंचाचे तुकडे करून ते स्वच्छ फडक्याने किंवा कागदी रुमालाने अगदी कोरडे पुसावेत. ओला तुकडा तव्यावर पडला की आधी त्यावरचे पाणी उकळत राहते, आणि पाणी असेपर्यंत त्या जागेचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. खरपूस रंग चढायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते.

पुसलेल्या तुकड्यांना दीड लहान चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल, ठेचलेला निम्मा लसूण, ओरेगॅनो, मिरपूड, बेडगीची पूड आणि एका लिंबाची किसलेली साल चोळावी. साल किसताना फक्त वरचा रंगीत पापुद्रा घ्यावा, कारण आपल्या कागदी लिंबाची आतली पांढरी साल फार कडू असते. लिंबाचा रस या टप्प्यावर घालू नये. आंबट रसात चिकन तासन्‌तास राहिले की वरचा थर पिठूळ होतो, शिवाय पाणीही सुटते. बेडगीची पूड ही पॅप्रिकाच्या, म्हणजे तिकडच्या सौम्य लाल मिरचीच्या पुडीच्या जागी आहे. तिने रंग येतो आणि तिखटपणा फारसा येत नाही. येथे हात काळ्या मसाल्याच्या डब्याकडे जाईल, तो आवरावा. ओरेगॅनो मिळाला नाही तर पाव लहान चमचा ओवा तळहातावर चुरडून घालावा. ओव्याचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच द्रव्य तिकडच्या थाइम या सुगंधी पाल्यात असते आणि ओरेगॅनोतही त्याच घराण्याची द्रव्ये असतात, त्यामुळे ही अदलाबदल वाटते तितकी विचित्र नाही. फक्त ओवा उग्र असल्याने प्रमाण काटेकोर ठेवावे. चिकन मुरायला वीस मिनिटे पुरतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ते ओट्यावर ठेवण्याऐवजी फ्रीजमध्ये ठेवावे आणि परतण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढावे.

तेलाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण खर्च सर्वांत जास्त तेथेच होतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल म्हणजे फळे दाबून काढलेले, शुद्धीकरण न केलेले तेल. त्याची किंमत त्याच्या वासासाठी आणि चवीसाठी मोजलेली असते. पोमेस नावाने मिळणारे स्वस्त तेल हे उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या साहाय्याने काढून शुद्ध केलेले असते. ते परतायला चालते, पण त्यात ऑलिव्हचा वास जवळजवळ नसतो, म्हणून त्यासाठी जास्त पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा परतण्यासाठी घरातले करडईचे किंवा शुद्ध केलेले शेंगदाण्याचे तेल वापरावे आणि एक्स्ट्रा व्हर्जिनची लहान बाटली आणून त्यातले दोन चमचे पदार्थ उतरवल्यावर वरून कच्चेच घालावे. करडई हे तर सोलापूर जिल्ह्याचे जुने रब्बी पीक आहे आणि तिच्या तेलाचा सौम्य वास येथे आडवा येत नाही. घाण्याचे शेंगदाणा तेल मात्र टाळावे. त्याचा स्वाद इतका ठसठशीत असतो की लिंबू आणि ओरेगॅनो दोन्ही झाकले जातात. आरोग्याच्या दृष्टीने ही तेले एकच आहेत असे समजू नये, कारण ऑलिव्हच्या तेलात मुख्यतः ओलेइक हे स्निग्ध आम्ल असते, तर करडईच्या नेहमीच्या वाणांत लिनोलेइक हे वेगळे स्निग्ध आम्ल जास्त असते.

भाज्या चिरताना आपल्या नेहमीच्या बारीक चिरण्याची सवय बाजूला ठेवावी. कांद्याचे सहा-आठ उभे भाग करून पाकळ्या मोकळ्या कराव्यात, ढोबळी मिरचीचे दीड इंचाचे चौकोन करावेत आणि टोमॅटोचे चार-चार भाग करून आतला गर व बिया चमच्याने काढाव्यात. हा गर टाकू नये, तो पुढे कोशिंबिरीत जातो. वांग्याचे इंचभर तुकडे करून त्यांना मीठ लावून पंधरा मिनिटे चाळणीत ठेवावेत आणि नंतर घट्ट पिळून पुसावेत. असे केलेले वांगे तेल कमी पिते. लक्ष्मी मंडईत लहान काटेरी वांगी आणि मोठी भरताची वांगी दोन्ही मिळतात. या पदार्थाला गर जास्त आणि बिया कमी असलेले भरताचे कोवळे वांगे बरे.

आता भांडे. शक्य तितकी रुंद, जाड बुडाची कढई किंवा बिडाचा खोलगट तवा घ्यावा. तो मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे कोरडाच तापवावा, मग एक मोठा चमचा तेल फिरवावे आणि चिकनचे तुकडे एकमेकांना न चिकटता एका थरात ठेवावेत. सगळे चिकन एकदम मावत नसेल, आणि बहुतेक घरांत ते मावत नाहीच, तर दोन खेपा कराव्यात. गर्दी केली की तवा थंड पडतो, पाणी सुटते आणि चिकन आपल्याच पाण्यात उकडू लागते. तुकडे ठेवल्यावर तीन मिनिटे त्यांना उलथणे लावू नये. सारखे ढवळत राहणे ही रश्श्याची सवय येथे नडते. तळ खरपूस झाला की तुकडा आपोआप सुटतो; ओढावा लागत असेल तर तो तयार नाही असे समजावे. उलटून आणखी दोन-तीन मिनिटे परतावे आणि ताटात काढून ठेवावे. या वेळी आतून ते पूर्ण शिजलेले नसते, त्यामुळे कोणी चव पाहायला उचलू नये.

त्याच तव्यात, न धुता, आणखी एक चमचा तेल घालून आधी वांगी पाच-सहा मिनिटे सर्व बाजूंनी लालसर करावीत. मग कांद्याच्या पाकळ्या घालून दोन मिनिटे, त्यानंतर ढोबळी मिरची घालून तीन मिनिटे मोठ्या आचेवरच परतावे. भाज्यांच्या कडा करपल्यासारख्या काळपट व्हाव्यात, पण दाताखाली त्यांचा कुरकुरीतपणा लागावा. उरलेला लसूण पातळ कापून आता घालावा. आधी घातला तर तो जळून कडू होतो. अर्ध्या मिनिटाने टोमॅटो, चणे, अर्धा लहान चमचा मीठ आणि बाजूला ठेवलेले चिकन, ताटात साचलेल्या रसासह, घालावे. टोमॅटोतून जे थोडे पाणी सुटते तेवढ्यात तव्याच्या बुडाला धरलेला तपकिरी थर उलथण्याने खरवडून घ्यावा, कारण पदार्थाची निम्मी चव त्या थरात असते. आच मध्यम करून चार-पाच मिनिटे झाकण न ठेवता शिजू द्यावे. सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा: आतला गुलाबीपणा गेलेला असावा आणि रस स्वच्छ निघावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्याशी ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत.

तवा उतरवल्यावर दीड लिंबाचा रस, कच्चे ऑलिव्ह तेल, चिरलेली कोथिंबीर आणि हाताने तोडलेला पुदिना घालून एकदाच हलवावे आणि पाच मिनिटे ठेवावे. बिडाचे भांडे असेल तर लिंबू पिळण्यापूर्वी पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर आंबटाला लोखंडी चव येते.

ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी असणाऱ्यांनी सगळे चिकन, आणि टोमॅटो वगळून बाकीच्या सगळ्या भाज्या, तेल-मीठ लावून पत्र्यावर एका थरात पसराव्यात आणि आधी तापवलेल्या भट्टीत २२० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजाव्यात. निम्म्या वेळाने उलटून त्यात टोमॅटो घालावेत. लहान ओटीजीत हे प्रमाण एका खेपेत बसत नाही.

सोलापूरकरांना एका बाबतीत फारसे शोधावे लागत नाही, ती म्हणजे डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून येथेच आहे. सिरिया, लेबनॉन, तुर्कस्तान या भागांत डाळिंबाचा रस आटवून केलेला दाट आंबट पाक मांसावर आणि वांग्यावर घालतात, आणि तो घरी सहज होतो. बाजारात तडकलेली, डागाळलेली फळे स्वस्त मिळतात. आतून चांगली असतील तर ती येथे उत्तम. सुमारे दीड किलो फळांचे दाणे मिक्सरमध्ये अगदी थांबून थांबून फिरवावेत, म्हणजे आतल्या बिया फुटून रस तुरट होणार नाही. गाळून निघालेला साधारण अर्धा लिटर रस स्टीलच्या पसरट पातेल्यात दोन लहान चमचे साखर घालून मंद आचेवर आटवावा. भगवा वाण गोड असल्याने त्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालावाच लागतो. अर्धी वाटी उरली आणि चमच्याच्या पाठीवर थर धरू लागला की उतरवावे, कारण गार झाल्यावर तो आणखी दाटतो. हे काम सुटीच्या दिवशी उरकून पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावा. तयार चिकनवर एक मोठा चमचा पाक आणि मूठभर ताजे दाणे घातले की लिंबाचा रस निम्मा करावा.

सोबतीला ग्रीसमध्ये तझात्झिकी करतात, म्हणजे पाणी काढलेले दही, किसून पिळलेली काकडी, लसूण, मीठ आणि ऑलिव्हचे तेल. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीशी तिचे जवळचे नाते आहे. फरक इतकाच की दही तासभर फडक्यात टांगून अर्धवट चक्का करावा लागतो आणि साखर व फोडणी दोन्ही वर्ज्य आहेत. फेटा हे ग्रीक चीज मिळाले तर थोडे कुस्करावे, न मिळाले तर अडत नाही.

भाकरीचा प्रश्न उरतो, आणि येथे सोलापूरची कडक भाकरी फार उपयोगी पडते. क्रीट बेटावर सातूची वाळवलेली भाकरी किंचित ओलवून तिच्यावर चिरलेला टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेल घालून खातात. लेबनॉनमध्ये भाजलेल्या रोटीचे तुकडे काकडी-टोमॅटोत मिसळतात. आपणही दोन कडक भाकऱ्यांचे मोठे तुकडे करून त्यांवर मघाशी काढलेला टोमॅटोचा गर, चिरलेली काकडी, बारीक कांदा, मीठ, लिंबू आणि चमचाभर ऑलिव्ह तेल घालावे आणि पाचच मिनिटे ठेवावे. ज्वारीचा गोडवा आणि कुरकुरीतपणा टोमॅटोच्या आंबटात मुरतो, तरी तुकडा लगदा होत नाही. यावर शेंगाची चटणी भुरभुरावी की नाही याबद्दल घरात मतभेद होतील. माझ्या मते ती वेगळ्या वाटीत असावी.

उरलेले चिकन उन्हाळ्यात तासाभराच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम करून संपवावे. भाकरीची कोशिंबीर मात्र ठेवू नये, ती लागेल तेवढीच करावी.