क्रम बदलला की कोरिलेशन बदलतं: माझा उपाय

डेलावेअर विद्यापीठातल्या ५९२ विद्यार्थ्यांच्या केस-डोळ्यांच्या रंगांचा तक्ता. मैत्रिणीने रंगांना १ ते ४ आकडे देऊन कोरिलेशन (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात, याचा आकडा) काढलं होतं. आकड्यांचा क्रम बदलला की उत्तरही बदलायचं. बदलणारच! काळ्यानंतर तपकिरी की लाल, हे ठरवणार कोण?

मी ते आकडे काढून टाकले आणि थेट डोकी मोजलेला ४×४ तक्ता घेतला. काय-स्क्वेअर (केस-डोळ्यांचा संबंध नसता तर अपेक्षित असलेल्या आकड्यांपासून प्रत्यक्ष आकडे किती दूर, याचं माप) १३८.२९ आला. पण तो नमुन्यासोबत फुगतो: प्रमाण तेच ठेवून माणसं दुप्पट केली, की तोही दुप्पट. म्हणून ५९२ गुणिले ३ ने भागून वर्गमूळ घेतलं (३ म्हणजे रांगा-स्तंभांतली लहान संख्या वजा १). हा क्रॅमरचा व्ही (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध): ०.२८. रंग कसेही मांडा, बदलत नाही. संबंध नेमका कुठे, ते मात्र चौकटीतच दिसतं: सोनेरी केस-निळे डोळे अपेक्षित ४६, प्रत्यक्षात ९४.