लंडनमध्ये टिळकांच्या घरापासून आंबेडकरांच्या घरापर्यंत कालव्याकाठानं कसं जावं

लंडनला निघालेल्या मराठी माणसाच्या हातात बहुतेक वेळा एकच यादी पडते: राजवाडा, बिग बेन, टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम. ती यादी जरूर पुरी करा. पण एक दिवस राखून ठेवा आणि शहराच्या वायव्य भागात रीजंट्स कालव्याच्या काठानं चाला. या वाटेच्या एका टोकाला लोकमान्य टिळक राहिले ते घर आहे आणि दुसऱ्या टोकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले ते. मध्ये लॉर्ड्सचं मैदान, प्राणिसंग्रहालय आणि लंडनचा उत्तम देखावा दाखवणारी टेकडी. सगळं मिळून साडेपाच-सहा किलोमीटर. रमतगमत गेलात तर तीन तास, लॉर्ड्स आतून बघायचं असेल तर अख्खा दिवस.

या वाटेबद्दल जो तो एकच सल्ला देतो: "पाण्याची कड धरा आणि चालत राहा." हा सल्ला पहिल्या दहा मिनिटांतच फसतो. का फसतो आणि तिथं काय करायचं, ते तिसऱ्या टप्प्यात सविस्तर दिलं आहे. बाकीचे टप्पे सोपे आहेत.

निघण्याआधी

ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, शिरताना आणि बाहेर पडताना बँकेचं एकच कार्ड टेकवा. आत जाताना फोन आणि बाहेर येताना कार्ड असं केलंत, तर यंत्र ते दोन वेगळे प्रवास समजतं आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लावतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, माणशी एक कार्ड हवं. भारतातल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुळात बंद असतात. त्या घरूनच बँकेच्या अॅपवर चालू करून घ्या. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस चालतात. रुपेच्या भरवशावर राहू नका.

हिवाळ्यात सकाळीच निघा. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि कालव्याकाठची वाट अंधारात चालण्यासारखी नाही. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा दुपारी निघालात तरी चालेल.

चालायचं पश्चिमेकडून पूर्वेकडेच. दुपारनंतर ऊन पाठीवर राहतं, चढ शेवटी येतो, आणि टिळक आधी, आंबेडकर नंतर हा काळाचा क्रमही आपोआप साधतो.

१. वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशन

बेकरलू लाइनवर, पॅडिंग्टनच्या पुढचंच स्टेशन. वर आलात की दक्षिणेकडे चालू लागा, पाच मिनिटांत कालव्यावरचा पूल येतो.

२. हाउली प्लेस, क्रमांक १०

पूल ओलांडून तसंच पुढे गेलात की डाव्या हाताला हाउली प्लेस लागतो. शांत, झाडांचा, श्रीमंत वस्तीतला रस्ता. १० क्रमांकाच्या घरावर निळी गोल पाटी आहे. टिळक १९१८-१९ मध्ये इथं राहिल्याची ती नोंद १९६१ साली बसवली गेली. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते मंडालेनंतर चार वर्षांनी विलायतेला आले होते. खटला हरले, पण पुढचे महिने त्यांनी स्वराज्याची बाजू इंग्रजांच्याच देशात मांडण्यात घालवले. हे खाजगी घर आहे. बेल वाजवू नका, पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. समोरच्या फुटपाथवरून पाटी नीट वाचता येते.

नंतर कालव्याकडे परत या. पुलाच्या पश्चिमेला पाणी पसरून एक मोठा डोह झाला आहे, मध्ये झाडांचं बेट आहे. हेच लिटल व्हेनिस. ग्रँड युनियन कालव्याचा फाटा आणि रीजंट्स कालवा इथं मिळतात. दहा मिनिटं पुरतात.

३. बोगद्यावरून जाणं

लोक चुकतात ते इथं. पुलापासून पूर्वेकडे बघितलं की पाण्यालगतची वाट स्पष्ट दिसते आणि पाय तिकडेच वळतात. पण त्या वाटेला कुलूपबंद फाटक आहे. तिथं बांधलेल्या बोटींमध्ये लोक कायम राहतात आणि तो काठ त्यांच्यापुरताच आहे. फाटकाशी घुटमळू नका, कुणी आत जात असेल तर त्याच्यामागून शिरू नका. आत शिरलात तरी उपयोग नाही, कारण पुढे वाट संपतेच.

वाट संपते ती मेडा हिल बोगद्यामुळे. हा बोगदा सुमारे अडीचशे मीटर लांब आहे आणि त्यात काठाला पाऊल ठेवायला जागाच ठेवलेली नाही. पूर्वी बोटी घोडे ओढत. इथं घोडा सोडून वरच्या रस्त्यानं पलीकडे नेत आणि नावाडी बोटीवर उताणे पडून भिंतींना पायांनी रेटा देत बोट बोगद्यातून काढत. तुम्हाला जायचं आहे ते त्या घोड्याच्या वाटेनं.

म्हणजे असं. पुलाच्या उत्तरेकडच्या टोकाशी उभे राहा. पाण्याला समांतर पूर्वेकडे जाणारा ब्लॉमफील्ड रोड पकडा. कालवा उजव्या हाताला राहिला पाहिजे. डाव्या हाताला दिसत असेल तर तुम्ही पलीकडच्या मेडा अॅव्हेन्यूवर आहात. कठड्यातून खाली रंगीत बोटी आणि त्यांच्या छपरांवरच्या कुंड्या दिसत राहतात. हा रस्ता वाहत्या एजवेअर रोडवर संपतो. बोगद्याचं तोंड बरोबर इथं, रस्त्याच्या खाली आहे, आणि कालवा अचानक गायब होतो.

आता दोन चुका होतात. पहिली, पाणी दिसेना म्हणून लोक एजवेअर रोडवरच डावी-उजवीकडे शोधत फिरतात. दुसरी, फोनवरचा नकाशा काढतात आणि तो मोठ्या रस्त्यानं परस्पर पुढे नेऊन सोडतो. त्यात कालव्याचा चांगला भाग हुकतो. दोन्ही टाळा. सिग्नलवर एजवेअर रोड ओलांडा आणि जवळजवळ समोरच सुरू होणाऱ्या अॅबरडीन प्लेसमध्ये शिरा. या रस्त्यावर चालताना बोगदा तुमच्या पायाखाली असतो.

अॅबरडीन प्लेसच्या शेवटी, एका जुन्या भव्य पबच्या पुढे, रस्ता डावीकडे वळतो. तुम्ही वळायचं नाही. सरळ समोर एक पायवाट आहे, दिसायला एखाद्या इमारतीच्या मागच्या बोळासारखी. म्हणूनच बहुतेकांची ती सुटते आणि ते गाड्यांबरोबर डावीकडे जातात. त्या पायवाटेनं पुढे गेलात की पायऱ्या खाली कालव्याकडे उतरतात. बाबागाडी असेल तर ती उचलावी लागेल. काही कारणानं तो भाग बंद असेल तर रस्त्यानं लिसन ग्रोव्हपर्यंत या आणि तिथून काठाला लागा.

एवढं जमलं की पुढे "पाण्याची कड धरा" हा सल्ला खरा ठरतो. कॅम्डनपर्यंत कालव्यात एकही लॉक, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणारं दार, नाही, त्यामुळे वाट सपाट आहे.

४. लॉर्ड्स (वाटल्यास)

लिसन ग्रोव्हवरून उत्तरेकडे पाच-सात मिनिटांवर. कालव्याचा आणि या मैदानाचा थेट संबंध आहे: टॉमस लॉर्ड यांचं आधीचं मैदान नेमकं कालव्याच्या आखणीत आलं, म्हणून १८१४ मध्ये ते आजच्या जागी हलवावं लागलं. मार्गदर्शकासोबतची फेरी तिकीट काढून करता येते, पण सामन्याच्या दिवशी नसते. आधी बुक करा. दिलीप वेंगसरकर यांनी १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठच्या तीन कसोट्यांत इथं शतकं ठोकली, हे ज्याला माहीत आहे त्यानं हा फाटा चुकवू नये. परत येताना पुन्हा लिसन ग्रोव्हलाच उतरा.

५. रीजंट्स पार्कचा काठ

रेल्वेचे पूल संपले की झाडी सुरू होते. सायकलवाल्यांकडे लक्ष ठेवा. पुलांखाली वाट अरुंद होते आणि वळणापलीकडचं दिसत नाही. घंटी ऐकू आली की पाण्यापासून लांबच्या बाजूला एका रांगेत उभे राहा, चौघं-पाच जण शेजारी-शेजारी चालू नका.

मॅकल्सफील्ड ब्रिजखाली मात्र थांबाच. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम नेणाऱ्या एका बोटीचा इथं स्फोट झाला, बोटीवरचे तिघं मेले आणि पूल कोसळला. जुने लोखंडी खांब शाबूत राहिले होते, तेच नव्या पुलाला वापरले, फक्त फिरवून. खांबावरून हात फिरवून बघा. हाताचं बोट बसेल इतक्या खोल खाचा लागतात. बोटी ओढणारे दोर घासून घासून त्या पडल्या आहेत. आणि खाचा खांबाच्या दोन्ही अंगांना आहेत: एका अंगाच्या स्फोटाआधीच्या, दुसऱ्या अंगाच्या नंतरच्या. खांबांच्या माथ्यावर ओतकामाच्या गावाचं नाव, कोलब्रुकडेल, वाचता येतं. बहुतेक फिरस्ते मान खाली घालून इथून निघून जातात.

पुढे कालव्याच्या दोन्ही बाजूंना प्राणिसंग्रहालय. वर दिसणारा जाळीचा प्रचंड पिंजरा पूर्वी पक्ष्यांचा होता, आता त्यात माकडं आहेत. त्यासाठी तिकिटाची गरज नाही, वाटेवरूनच दिसतो.

६. प्रिमरोझ हिल

प्राणिसंग्रहालय मागे पडू लागलं की वर प्रिन्स अल्बर्ट रोडकडे चढणारी वाट घ्या. कालवा काटकोनात डावीकडे वळताना आणि लाल रंगाचं तरंगतं चिनी हॉटेल दिसलं तर थोडे पुढे आलात; तिथूनही वर चढता येतं. रस्ता ओलांडला की टेकडी. उंची जेमतेम ६३ मीटर, चढ दहा मिनिटांचा. माथ्यावरून सेंट पॉल्स, शार्ड, लंडन आय सगळं एका नजरेत येतं. पैसे मोजून उंच इमारतींवर चढण्याआधी इथं या.

७. १०, किंग हेन्रीज रोड

टेकडीवरून पूर्वेला रीजंट्स पार्क रोडकडे उतरा, दुकानांच्या रांगेतून चॉक फार्मच्या रेल्वेपुलाच्या दिशेनं जा. पुलाच्या अलीकडे डावीकडे किंग हेन्रीज रोड फुटतो. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यानं १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतलेले बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले, आणि १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचं स्मारक म्हणून उद्घाटन झालं.

ही राहती गल्ली आहे आणि स्मारकामुळे होणाऱ्या वर्दळीवरून इथं परवानगीचा वाद काही काळ चालला. म्हणून दारासमोर घोळका करू नका, घोषणा देऊ नका, टॅक्सी दारात उभी ठेवू नका. उघडण्याची वेळ आधी तपासा, मोठा गट असेल तर आधी कळवा. घाईनं फोटो काढून निघायची ही जागा नव्हे. निदान अर्धा तास हातात ठेवा.

८. परतीचा रस्ता

चॉक फार्म स्टेशन पाच मिनिटांवर, नॉर्दर्न लाइन. शनिवार-रविवारी कॅम्डन टाउनच्या गर्दीत शिरण्यापेक्षा इथूनच गाडी पकडा. शाकाहारी जेवण हवं तर युस्टनला उतरून ड्रमंड स्ट्रीटवर जा, भेळेपासून डोशापर्यंत सगळं मिळतं.

हायगेटला ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर जुन्या इंडिया हाउसच्या इमारतीवर सावरकरांची पाटी आहे. तीही याच दिवसात कोंबायचा मोह होतो, तो टाळा आणि दुसरी सकाळ ठेवा. तरीही जाणार असाल तर लक्षात असू द्या: चॉक फार्म नॉर्दर्न लाइनच्या एजवेअर फाट्यावर आहे, हायगेट हाय बार्नेट फाट्यावर. कॅम्डन टाउनला गाडी बदलावीच लागते, आणि फलाटावरची पाटी वाचल्याशिवाय डब्यात चढू नका.