हातानं खिळा वाकवायचा कसा

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी पहिल्यांदा सहा इंची खिळे मागितले, तेव्हा दुकानदारानं विचारलं, ‘शटरिंगला पाहिजेत का?’ म्हटलं, नाही, वाकवायला. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, ‘सरळ घेऊन वाकडे करणार? आमच्याकडे लोक उलटं करतात, वाकडे ठोकून सरळ करतात.’ तरी अर्धा किलो तोलून दिले. सहा इंची, सहा गेज जाडीचे असतील तर अर्ध्या किलोत वीसेक खिळे येतात. सुरुवातीला तेवढे महिनाभर पुरतात.

हा छंद काही नवा नाही. पोलंडमध्ये १८९३ साली जन्मलेला, पुढे अमेरिकेत ‘माइटी ॲटम’ म्हणून गाजलेला जोसेफ ग्रीनस्टाइन जेमतेम सव्वापाच फुटांचा होता. घोड्याचे नाल आणि सळया वाकवणं हा त्याचा धंदाच होता, आणि ऐंशी पार केल्यावरही तो प्रयोग करत होता. तो दातांनी खिळेही तोडायचा. ते सोडून द्या, दाताचा डॉक्टर परवडत नाही. पण बुटका माणूस हे करू शकतो यातच या कामाची मेख आहे. खिळा वाकतो तो पंज्याच्या जोरानं नाही. जोर छाती-खांद्यातून येतो, पंज्याचं आणि मनगटाचं काम तो जोर मध्येच सांडू न देता खिळ्यापर्यंत पोचवायचं. मनगट मोडलं की जोर तिथंच गळतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

माल कोणता घ्यायचा

इथं लोक सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा थांबतो.

दुकानात खिळा इंच आणि गेजवर मिळतो. गेजचा आकडा जितका लहान तितका खिळा जाड. सहा गेज म्हणजे साधारण ४.९ मिमी, चार गेज म्हणजे ५.९ मिमी. एक मिलिमीटरचा फरक, त्यात काय एवढं, असं वाटतं. पण गोल सळई वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्याच लोखंडाचा चार गेजचा खिळा सहा गेजच्या खिळ्याला पावणेदोन पट भारी पडतो. ‘सहा गेज जमला, आता चार घेतो’ म्हणणारे इथंच आडवे होतात.

दुसरी गोष्ट लांबी. सळईच्या मध्याला लागणारा पीळ (जोर गुणिले तरफेची लांबी) तेवढाच राहतो, पण टोकं जवळ आली की तरफ आखूड होते आणि हाताला जास्त दाबावं लागतं. म्हणजे सात इंची तुकडा सोपा, सहा इंची अवघड, पाच इंची त्याहून अवघड. लहान तुकडा बघून ‘हा तर चिमुकला’ म्हणणाऱ्याला तो चिमुकलाच घाम फोडतो. प्रगती करायची सगळ्यात स्वस्त युक्ती हीच: जाडी तीच ठेवा आणि दर काही आठवड्यांनी पाव इंच कापा.

तिसरी गोष्ट लोखंडाची जात. साधा एमएस राउंड, म्हणजे माइल्ड स्टीलची गुळगुळीत सळई, मऊ असते. मुंबईच्या दारूखाना भागातल्या लोखंडाच्या दुकानांत किंवा कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे पाच-सहा मिमीची मिळते, हवे तसे तुकडे कापूनही देतात. खिळ्याची तार ओढून ओढून बारीक केलेली असते, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या सळईपेक्षा खिळा ताठ. इमारतीच्या कामावर पडलेला आठ मिमीचा टीएमटीचा, म्हणजे काँक्रीटमध्ये घालतात त्या रेघांच्या सळईचा, तुकडा उचलायचा मोह होईल. नको. एफई ५०० या जास्त ताकदीच्या जातीची ती सळई सहा मिमीच्या साध्या एमएसपेक्षा फक्त दोन मिमी जाड दिसते, पण वाकवायला पावणेपाच पट जड जाते. शिवाय तिच्या रेघा तळव्यात रुततात.

आणि एक वस्तू तर हातातच घेऊ नका: काँक्रीटचे खिळे. ते कडक केलेले असतात, वाकत नाहीत, एकदम तुटतात, आणि तुटलेला तुकडा कुठं जाईल ते सांगता येत नाही. जुन्या कानशी, ड्रिलचे बिट यांचंही तेच.

पहिली खरेदी अशी करा: पाच मिमी एमएसचे सात-आठ इंची दहा तुकडे आणि अर्धा किलो सहा इंची, सहा गेजचे खिळे. गंजलेले नकोत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही एकदा घेऊन टाका.

हाताला काय गुंडाळायचं

उघड्या हातानं करायचं नाही. खिळ्याची टोपी आणि टोक तळव्यात घुसतं. कापडानं मर्दानगी कमी होत नाही. जुन्या जीन्सचा पाय कापा, पाच इंच रुंद आणि फूटभर लांब अशा दोन पट्ट्या करा. टोकावर घट्ट गुंडाळा, वरून भाजीच्या जुडीचं रबर लावा. दोन्ही गुंडाळ्यांच्या मध्ये इंच-दीड इंच लोखंड उघडं राहू द्या. चामडं जास्त चांगलं, कारण ते घसरत नाही. धारावीत चामड्याची कात्रणं मिळतात, दोन पट्ट्या वर्षानुवर्षं टिकतात. खिळ्याचं टोक आधी कानशीनं बोथट करून घ्या.

टॉवेल मात्र नको. माझ्या पहिल्या वर्षी जूनमध्ये मी ओलसर टॉवेल गुंडाळून खिळा वाकवत होतो. मुंबईचा जून म्हणजे घाम हाताला आणि हवेलाही. खिळा आतून सरकला आणि टोक मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडत गेलं. तेव्हापासून पावसाळ्यात बसायच्या आधी हात धुऊन पुसतो, तळव्याला चॉक लावतो आणि पंख्याखाली बसतो. गॅलरीत करायचं असेल तर खाली कोणी उभं नाही ना, ते बघून घ्यावं. डोळ्याला चष्मा हवा. वेल्डिंगचा काळा नव्हे, दुकानात मिळतो तो साधा पारदर्शक.

प्रत्यक्ष वाकवणं

आधी दहा मिनिटं अंग गरम करा. वीस-पंचवीस जोर, मनगटं दोन्ही बाजूंनी फिरवणं, मुठी उघड-मीट. थंड मनगटानं केलेला पहिला प्रयत्न महागात पडतो.

पकडी अनेक आहेत. नवख्यानं तळवे खाली असलेली धरावी. खिळा छातीसमोर आडवा, दोन्ही मुठी वरून, तर्जन्या मध्यभागी जवळजवळ टेकलेल्या. अंगठे खिळ्यावर दाबलेले. आता मुठी हनुवटीखाली आणा, कोपरं बाजूला उचला. आरशात बघाल तर कावळा पंख पसरून बसल्यासारखं दिसेल. तळवे वर ठेवूनही वाकवता येतं, पण त्यात मनगटाच्या आतल्या बाजूवर भार येतो, ते पुढं कधीतरी.

मनगटं सरळ आणि दगडासारखी. हे दहा वेळा सांगितलं तरी कमी. तर्जनीच्या मुळाचा भाग हा टेकू, तळव्याच्या टाचेनं टोकं खाली आणि एकमेकांकडे दाबायची. झटका द्यायचा नाही. दोन-तीन सेकंद जोर चढवत न्या, छाती आवळा, जणू दोन कोपरांच्या मध्ये नारळ दाबताय. श्वास कोंडू नका, दातांतून सोडत राहा. रक्तदाब किंवा हर्नियाचा त्रास असलेल्यांनी हे प्रकरण डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चटकन चढतो.

मग एक क्षण येतो. काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि अचानक खिळा ‘सोडतो’. आवाज नसतो, हाताला फक्त कळतं. हा पहिला कोन. तिथं बहुतेक जण खूश होऊन थांबतात. थांबू नका. लगेच मुठी थोड्या जुळवून घ्या आणि काटकोनापर्यंत न्या. वाकलेल्या जागी बोट लावलंत तर ती कोमट लागेल. आत धातू सरकतोय, त्याची ऊब.

तिसरा टप्पा मिटवणीचा, आणि खरा कस इथंच लागतो. काटकोनानंतर हात इतके जवळ येतात की खांद्याला जोर लावायला जागा उरत नाही. आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा, तळव्याच्या टाचा टोकांवर ठेवा आणि मोठा अडकित्ता मिटतोय असं दाबा. टोकांमधलं अंतर दोन इंचांच्या आत आलं की खिळा ‘झाला’ असं मानायची पद्धत आहे. मी पहिले दोन महिने काटकोनाशीच अडकलो होतो. मुठी पोटाशी आणून बघितल्या, मांडीवर टेकवून बघितल्या. मांडीवर टेकवणं म्हणजे कॉपी, आणि वर निळा डागही पडतो.

अर्धवट वाकलेला खिळा पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका. वाकलेलं पोलाद तिथल्या तिथं कडक होतं, आणि साधं पोलाद तसंच दिवस-आठवडे पडून राहिलं की आणखी ताठ होतं. ज्या दिवशी सुरू केला त्याच दिवशी संपवा, नाहीतर भंगारात टाका आणि नवा घ्या.

किती वेळा

आठवड्यातून दोनदा, तेही मध्ये दोन दिवस सोडून. एका बैठकीत दोन सोपे तुकडे गरम होण्यासाठी, मग तीन-चार खऱ्या कसाचे, मग बंद. ‘आज मस्त चाललंय’ म्हणून सातवा-आठवा घेऊ नका. स्नायू आठवड्यांत तयार होतात, पण स्नायूबंधांना महिने लागतात, आणि ते बिघडेपर्यंत काही बोलत नाहीत. दुसऱ्या वर्षी मी आठवड्यातून पाच दिवस करत होतो. कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ बसली की दोन महिने पाण्याची बादली डाव्या हातानं उचलली. तेव्हा कोपराच्या आत किंवा मनगटाच्या करंगळीकडे टोचणारं दुखणं आलं तर त्या दिवशी नव्हे, त्या क्षणी थांबायचं. बोटांना मुंग्या आल्या तर तर डॉक्टर गाठायचे.

मधल्या दिवसांत मुद्गल फिरवा. मनगट आडवं पेलायची सवय त्यानं जितकी लागते तितकी जिमच्या कुठल्या यंत्रानं लागत नाही, हे माझं मत. मुद्गल नसेल तर बादलीत थोडं पाणी घेऊन मनगटानं वर-खाली. आणि बोटांभोवती रबर लावून ती बाहेर उघडायची, शंभर वेळा. मुठी आवळणारा माणूस मुठी उघडायचं विसरतो आणि मग कोपर बोंबलतं. लोकलमध्ये दांड्याला धरून उभं राहिलेल्या दिवशी पंजे थकलेलेच असतात, त्या दिवशी सुट्टी.

वही ठेवा. तारीख, गेज, लांबी, कापड कोणतं, किती मिटला. कापड बदललं की आकडे बिघडतात. जाड गुंडाळीत खिळा सोपा वाटतो, म्हणून एकच पट्टी वापरत राहा.

बोल्ट

खिळा सहा इंचांवरून पाच इंचांवर आल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. बोल्टच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात. ४.६ असेल तर तो मऊ, जवळजवळ एमएससारखा. ८.८ असेल तर त्याच जाडीला अडीच पटीहून जास्त जोर लागतो. आकडा वाचायलाही सोपा आहे: दशांश चिन्हाआधीचा आकडा शंभरानं गुणला की तुटायचा ताण मेगापास्कल या एककात, आणि त्याचे दशांश चिन्हानंतरच्या अंकाइतके दहावे हिस्से म्हणजे कायमचं वाकायला लागायचा ताण. ८.८ म्हणजे ८०० आणि त्यातले ८० टक्के, ६४०. १०.९ आणि १२.९ दुकानातच राहू देत.

आटे अर्ध्यापर्यंत असलेला बोल्ट बहुतेक वेळा आटे सुरू होतात तिथंच वाकतो, कारण तिथं धातू कमी. त्या खाचेतून चीरही जाऊ शकते. म्हणून चष्मा इथं नक्की. जस्ताचा चकचकीत मुलामा असेल तर वाकताना पापुद्रे उडतात, ते झाडून टाका, पोरांच्या पायात जातात.

माझ्या खिडकीत आता असे मिटलेले खिळे एका बरणीत आहेत. भंगारवाल्याला दाखवले तर त्यानं एक हातात घेऊन उलटसुलट केला, म्हणाला, ‘दादा, मशीन कुठली?’ हात दाखवला. त्यानं भाव मात्र लोखंडाचाच लावला.