पीएफधारकाच्या मृत्यूनंतरचा दावा: या चुका टाळा

कर्ता माणूस गेला की दिवस झाल्यावर घरचे लोक 'पीएफ काढायला' निघतात. खाते एकच असते, पण त्यावर हक्क तीन असतात: साठलेला भविष्य निर्वाह निधी, दरमहा मिळणारी कुटुंब पेन्शन आणि विम्याची रक्कम. पूर्वी यासाठी फॉर्म २०, १०-डी आणि ५-आयएफ असे तीन वेगळे अर्ज होते. आता मृत्यूच्या प्रकरणात एकच एकत्रित अर्ज चालतो, मात्र त्यात तिन्ही मागण्यांवर खूण करावी लागते. खूण एकाच ठिकाणी केली तर एकच रक्कम येते आणि घरच्यांना वाटते, काम झाले.

सगळ्यात जास्त राहून जातो तो विमा. त्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नाही, पगाराच्या अर्धा टक्का रक्कम मालक भरतो. म्हणून पगारपत्रकावर तो दिसत नाही आणि घरी कुणाला माहीत नसतो. हिशेब असा: शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराची ३५ पट (पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात), अधिक पीएफमधल्या सरासरी शिलकीची निम्मी रक्कम, पण ती १,७५,००० च्या वर नाही. पगार १४,००० आणि सरासरी शिल्लक दोन लाख असेल तर ४,९०,००० अधिक १,००,००० म्हणजे ५,९०,००० रुपये. कमाल मर्यादा सात लाख. सलग १२ महिने नोकरी झालेली असेल तर अडीच लाखांपेक्षा कमी मिळत नाही. नोकरी वर्षापेक्षा कमी असेल तर रक्कम लहान असते, तरी मागणी करावीच.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. मयताचा मोबाइल घरात असतो, पासवर्ड मुलाला माहीत असतो. कुणीतरी सांगते, "कशाला चकरा मारता, ऑनलाइन काढून घ्या." मग मयताच्या नावाने, त्याच्याच ओटीपीवर, नोकरी सोडल्याचा दावा टाकला जातो. हे बेकायदेशीर आहे, आणि शिवाय कागदावर माणूस 'नोकरी सोडून गेलेला' ठरतो. विमा नोकरीत असताना मृत्यू झाला तरच मिळतो. लाखाच्या घाईत पाच-सहा लाखांचा विमा अडकतो आणि पेन्शनचाही गुंता होतो. सिम कार्ड मात्र बंद पडू देऊ नका, रिचार्ज चालू ठेवा. नोंदवलेल्या नंबरावरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते, आणि यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) सापडत नसेल तर जुने मेसेज तिथेच असतात.

याच जातीची दुसरी चूक मालकाकडून होते, विशेषतः गुत्तेदाराकडून, म्हणजे कंत्राटदाराकडून. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा असो की जालन्याच्या सळई मिल, बरेच कामगार गुत्तेदाराच्या हजेरीपटावर असतात. माणूस आजारी पडून तीन-चार महिने घरी होता, मग गेला. गुत्तेदार पीएफच्या पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख शेवटच्या पगाराची टाकतो आणि कारण लिहितो 'नोकरी सोडली'. कारण 'सेवेत असताना मृत्यू' आणि तारीख मृत्यूचीच हवी. २०२५ च्या दुरुस्तीनंतर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव पटावर असेल, तर विम्याचा हक्क राहतो. म्हणून ही नोंद होण्याआधीच गुत्तेदाराला गाठा. एकदा चुकीचे कारण चढले की दुरुस्तीसाठी त्याच्याकडूनच पुन्हा अर्ज घ्यावा लागतो, आणि तोवर त्याचे कंत्राट संपलेले असू शकते. गुत्तेदार बदलत गेले असतील तर एकाच यूएएनखाली दोन-तीन सदस्य क्रमांक निघतात, कधी यूएएनही दोन असतात. सगळे अर्जात लिहा. काही मोठ्या कंपन्यांचा पीएफ त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. तिथे निधी ट्रस्टकडून येतो, पेन्शन मात्र पीएफ कार्यालयाकडूनच मिळते.

वारस कोण, यावरून घरात भांडणे होतात, त्यामुळे नियम नीट समजून घ्या. लग्नाआधी आईला नॉमिनी केले आणि लग्नानंतर बदलले नाही, तर ते नॉमिनेशन लग्नाबरोबर रद्द झालेले असते. कुटुंब असताना भाऊ, पुतण्या किंवा मित्र यांना नेमले असेल तर तेही चालत नाही. वैध नॉमिनेशन नसेल तर निधी कुटुंबात समान वाटला जातो. मयत पुरुष असेल तर कुटुंब म्हणजे पत्नी, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील. समजा सहा लाख आहेत आणि मागे पत्नी, दोन लहान मुले, अवलंबून असलेली आई आहे, तर प्रत्येकी दीड लाख. यातली एक अट ऐकून लोक चकित होतात: नॉमिनेशन नसेल आणि कुटुंबात इतर पात्र लोक असतील, तर सज्ञान मुलाला आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुलीला वाटा नसतो. पत्नी, २४ वर्षांचा मुलगा आणि अविवाहित मुलगी असेल तर पैसे पत्नी आणि मुलीला अर्धे अर्धे मिळतात. मुलाने स्वतःच्या नावाने दावा टाकला तर तो परत येणार.

पेन्शनला मात्र नॉमिनेशनचा संबंध लावू नका. पत्नी आणि मुले असतील तर ती त्यांचीच. सेवेत मृत्यू झाला असेल तर एका महिन्याची वर्गणीही पुरते. दहा वर्षांची अट इथे नाही. पत्नीची पेन्शन किमान १,००० रुपये, तिचे पुन्हा लग्न होईपर्यंत. शिवाय एका वेळी दोन मुलांना, प्रत्येकी पत्नीच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. तीन मुले असतील तर तिन्ही नावे लिहा, मोठ्याचे वय भरले की तिसऱ्याचा नंबर लागतो. "धाकटीचे नंतर बघू" म्हणून नाव गाळले तर पुढे अडते. प्रत्येक मुलाचे वेगळे बँक खाते आधीच उघडा.

नावातला फरक हे परत येणाऱ्या दाव्यांचे नेहमीचे कारण. आपल्याकडे आधारवर 'लक्ष्मी' आणि कंपनीच्या कागदावर 'लक्ष्मीबाई', इकडे 'ज्ञानोबा' आणि तिकडे 'ज्ञानेश्वर' हे सर्रास चालते. पत्नीचे माहेरचे नाव कुठेतरी राहिलेले असते. मयताच्या पीएफ नोंदीत चूक असेल तर दुरुस्तीचा संयुक्त अर्ज वारसदार आणि मालक मिळून देऊ शकतात. मयताचे आधार यूएएनला जोडलेले नसेल किंवा त्यात चूक असेल, तर आता ते दुरुस्त करण्याच्या मागे लागू नका, मृत्यूनंतर ते होत नाही. अशा प्रकरणांत अधिकाऱ्याच्या मंजुरीने दावा निकाली काढण्याची सोय २०२४ पासून आहे. कागदी अर्ज द्या आणि अडचण लेखी लिहा.

मृत्यूचा दाखला माणूस जिथे गेला तिथला. गेवराईचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दगावला तर नोंद तिथली, गावच्या ग्रामपंचायतीची नाही. मोफत नोंदणीची मुदत २१ दिवस, त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखान्यातल्या कागदावर नाव आधारप्रमाणे लिहून घ्या, नाहीतर पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो. तलाठ्याकडची वारसनोंद, म्हणजे गाव नमुना ६-क, जमिनीच्या फेरफारासाठी असते. तिच्या भरवशावर पीएफचे वारस ठरत नाहीत. कुटुंबातले कुणीच हयात नसेल आणि नॉमिनेशनही नसेल, तर मात्र दिवाणी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र लागते.

बँकेचे खाते हा लहान वाटणारा मुद्दा शेवटी पैसे अडवतो. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, तरी तिची पासबुके अजून ट्रंकेत असतात. त्यावरचा आयएफएससी कोड देऊ नका, शाखेतून नवे पासबुक छापून घ्या. पतसंस्थेचे खाते नको. पूर्ण केवायसी न झालेले जनधनचे 'लघु खाते' असेल तर वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर चालत नाही, विम्याचे पाच लाख तिथे येणार कसे? आधी केवायसी पूर्ण करा. दोन वर्षे व्यवहार नसलेले खातेही चालू करून घ्या.

अर्जावर मालकाची सही-शिक्का लागतो. कंपनी बंद पडली असेल किंवा गुत्तेदार सापडत नसेल, तर बँक व्यवस्थापक, राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर किंवा सरपंच यांच्या साक्षांकनावर अर्ज देता येतो. मालकाची सही का मिळाली नाही, ते एका ओळीत लिहून जोडा. मयताने हयातीत ई-नॉमिनेशन केले असेल तर नॉमिनीला स्वतःच्या आधार-ओटीपीवर सदस्य पोर्टलवरून मृत्यूचा दावा टाकता येतो, कागदांची गरज बरीच कमी होते.

जमा करताना पोच घ्या. सर्व कागद पूर्ण असतील तर दावा २० दिवसांत निकाली निघायला हवा. नाही निघाला तर ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात होणाऱ्या पीएफ कार्यालयाच्या 'निधी आपके निकट' शिबिरात पोच घेऊन जा. दावाच टाकला नाही आणि तीन वर्षे गेली, तर पैसे बुडत नाहीत, पण खाते निष्क्रिय होऊन व्याज थांबते.