दोन घरांचा ढीग

माझ्याकडे कुणी सांख्यिकी भौतिकीच्या, म्हणजे असंख्य कण मिळून कसे वागतात त्या विषयाच्या, प्रोजेक्टसाठी आलं की पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडू देत नाही. कोरा कागद पुढं सरकवते आणि शेजारी-शेजारी दोन चौकोन काढायला लावते. नियम एवढाच: एका घरात जास्तीत जास्त तीन दाणे मावतात. चौथा पडला की घर ढासळतं आणि चार दाणे चार दिशांना एकेक करून जातात. त्या बाजूला घर असेल तर दाणा त्यात पडतो, नसेल तर कागदाबाहेर, कायमचा गेला. आता मनाला येईल त्या घरात एकेक दाणा टाकत राहायचं आणि कोणकोणत्या मांडण्या येतात ते लिहून काढायचं.

दोन घरं, प्रत्येकात शून्य ते तीन दाणे, म्हणजे मांडण्या १६. थोड्या वेळात मुलांच्या ध्यानात येतं की दोन्ही घरं रिकामी ही मांडणी फक्त सुरुवातीला असते, परत कधीच येत नाही. एक घर ढासळून रिकामं झालं की त्यानं शेजाऱ्याला दाणा दिलेला असतोच. उरल्या १५. मग मी दहावीत शिकलेला दोन बाय दोनचा निश्चयक मांडायला सांगते: कर्णावर ४ आणि ४, बाकीच्या दोन जागी उणे १. सोळा वजा एक, पंधरा. इथं बहुतेक जण एकदा कागदाकडं आणि एकदा माझ्याकडं बघतात.

हा योगायोग नाही. घरं दोन असोत की दोन लाख, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मांडण्यांची संख्या अशाच निश्चयकातून मिळते आणि दाणे कुठंही सारख्याच शक्यतेनं टाकले तर त्या सगळ्या मांडण्या समान शक्यतेनं येतात. भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर यांनी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) असताना १९९० मध्ये हे सिद्ध केलं. या खेळाला वाळूच्या ढिगाचं प्रतिमान म्हणतात; मूळ प्रतिमान बाक, टँग आणि वीझनफेल्ड यांचं, १९८७ सालचं. सांख्यिकी भौतिकीतलं सर्वांत मानाचं बोल्ट्झमन पदक २०२२ मध्ये धरांना जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर मिळालं. भारतीयाला ते पहिल्यांदाच मिळालं. थिअरी म्हणजे काय हे नवख्याला सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. नियम पोराटोरांना कळेल असा, आणि त्याच्या पोटात एवढं गणित.

मला हा विषय लागला तो ढिगामुळंच. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. सौदे सुरू असले की शाळा सुटल्यावर मी तिकडंच असायची. पोत्यातून हळद ओतताना ढीग उंच होत जातो, मग एका उतारावर येऊन थांबतो. पुढची हळद पडली की कधी चारदोन हळकुंडं घरंगळतात, कधी अख्खी बाजू खाली येते. एमएस्सीला कोल्हापूरला असताना सरांनी या प्रतिमानाचं नाव घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तीच बाजू ढासळत होती. घरी सांगितलं तर वडिलांनी लगेच विचारलं, "खरा ढीग असाच वागतो व्हय?" प्रश्न अगदी बरोबर होता. खऱ्या वाळूवरच्या प्रयोगांत लहानमोठ्या सगळ्या मापांच्या घसरणींचं हे चित्र नीट उतरत नाही. १९९६ मध्ये ओस्लोतल्या गटानं तांदळाचे ढीग रचून पाहिले तर लांबट दाण्यांनी ते दाखवलं, गोलसर दाण्यांनी नाही. प्रतिमान आणि वस्तू यांतलं हे अंतर ज्याला टोचत राहतं त्यानं या क्षेत्रात जरूर यावं.

आता माझी चूक सांगते, कारण तीच माझी खरी शिकवणी ठरली.

मी या प्रतिमानाचा प्रोग्रॅम थेट ६४ बाय ६४ घरांच्या जाळीवर लिहिला. आकडे येत होते, आलेख सुंदर दिसत होते. एका दाण्यानं ओळीनं घरं ढासळत जातात ती घसरण; छोट्या घसरणी पुष्कळ, मोठ्या मोजक्या, आणि ‘नेहमीची’ म्हणावी अशी कुठल्याच मापाची नाही. कोयनेच्या धक्क्यांबद्दल लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळं हे रूप ओळखीचं वाटलं आणि मी खूष होते. प्रत्येक घरातल्या सरासरी उंचीचं, म्हणजे दाण्यांच्या सरासरी संख्येचं, रंगीत चित्र काढलं, त्यात वरचा आणि डावा काठ फिका, खालचा आणि उजवा गडद. मनाची समजूत घातली की अजून दाणे कमी पडलेत, थोडं थांबू. तीन आठवडे थांबले.

सरांनी चित्राकडं पाहून एवढंच विचारलं, "अगं, नियमाला डावं-उजवं कळतं का?" मग म्हणाले, "दोन घरांवर चालव."

दोन घरांचं उत्तर हातानं निघतं. १६ मांडण्यांत पहिल्या घरातल्या दाण्यांची बेरीज २४, रिकामी मांडणी काढली तरी २४ च; भागिले १५, म्हणजे सरासरी १.६. माझा प्रोग्रॅम दोनाच्या वरचा आकडा दाखवत होता. पहिल्या घराचा क्रमांक शून्य, त्याच्या डावीकडचा उणे एक; आणि पायथन या संगणकभाषेत यादीतलं उणे एक क्रमांकाचं घर म्हणजे शेवटचं घर. उजवीकडून आणि खालून बाहेर जाणारे दाणे मी अडवून मोजले होते, पण डावीकडून आणि वरून पडणारे दाणे गुपचूप पलीकडच्या काठावर जाऊन बसत होते. प्रोग्रॅम कुठंही अडखळला नाही. टाकलेले दाणे, उरलेले दाणे, बाहेर गेलेले दाणे यांचा ताळेबंदही जुळत होता. म्हणून सांगते, ताळा एकाच बाजूनं करू नका. एकूण संख्या जुळते का, सममिती टिकते का, सगळ्यांत लहान उदाहरणाचं हातानं काढलेलं उत्तर येतं का, तिन्ही बघा.

दुरुस्तीनंतर अनंत जाळीसाठी ठाऊक असलेला आकडा गाठायला घेतला. तिथं सरासरी उंची नेमकी १७/८, म्हणजे २.१२५. माझी त्याहून कमी आली आणि पुन्हा पोटात गोळा उठला. पण या वेळी चूक नव्हती. काठाजवळच्या घरांना शेजारी कमी, म्हणून दाणेही कमी, आणि जाळी लहान तेवढा काठाचा वाटा मोठा. जाळी मोठी करत नेली आणि सरासरी उंची ‘एक भागिले जाळीची लांबी’ यासमोर आलेखावर मांडली तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले. पट्टी लावून रेषा पुढं ओढली, ती २.१२५ जवळ पोचली. रात्री दोन वाजता मी आईला उठवून तो कागद दाखवला होता.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. साधा लॅपटॉप, त्यावर लिनक्स, पायथन आणि पुढं सी किंवा फोरट्रान या भाषा, एवढ्यावर पहिली दोन वर्षं निघतात. शोधनिबंधांसाठी १९९१ पासून सुरू असलेलं अर्काइव्ह (arXiv) हे संकेतस्थळ आहे, फुकट. निबंध वाचताना पेन हातात धरा. ‘सहज दिसून येते’ असं जिथं छापलंय तिथं थांबा आणि ते स्वतः काढून बघा. एका पानाला आठवडा लागला तरी चालेल. यादृच्छिक संख्यांचं बीज (ज्या आकड्यापासून संगणक त्या संख्या काढायला लागतो तो), जाळीचं माप, तारीख, हे प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवा. आणि प्रोग्रॅमची प्रत घराबाहेर कुठंतरी ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा माझी हार्ड डिस्क गेली. वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, त्यांवरून सगळं पुन्हा लिहिलं.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी एमएस्सी प्रवेशाची जॅम द्या. एमएस्सीच्या सुमारास पुढच्या संशोधनासाठी नेट, गेट, जेस्ट या परीक्षा. टीआयएफआरची प्रवेश परीक्षा वेगळी असते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज चुकवू नका, कारण दोन महिने बाहेरच्या संशोधकाबरोबर काम करता येतं. सांगली-साताऱ्याच्या मुलांना तेवढी एक खिडकी फार उपयोगी पडते. अभ्यासात क्वांटम आणि सांख्यिकी यांत्रिकी पक्की हवी, आणि रेषीय बीजगणित त्याहून पक्कं. घरच्यांना पैशाची काळजी असते, ती रास्तच आहे. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. वडिलांना शिष्यवृत्ती म्हणजे काय ते कळेना, ‘दरमहा’ हा शब्द मात्र लगेच कळला.

इंग्रजीची धास्ती बाळगू नका. कच्चं काम मी अजून मराठीतच करते. वहीत ‘इथं गडबड आहे’ असं लिहिलेलं मला लवकर सापडतं.

मागच्या आठवड्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी ओळीतल्या तीन घरांच्या सगळ्या ६४ मांडण्या दोन रंगांच्या पेनांनी लिहून घेऊन आली. पुन्हा येणाऱ्या ५६ तिनं हिरव्या केल्या होत्या, आणि खाली निश्चयक सोडवलेला: ५६. आता ती दोन बाय दोनच्या चौकोनावर आहे. २५६ पैकी किती उरतात ते मी तिला सांगितलेलं नाही.